बाबांसाठी केलेला डबा

श्रावस्ती मेश्राम केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अनुवादक आहे. पाच दिवस फायलींतल्या इंग्रजीचं हिंदी करायचं आणि शनिवारी लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात जाऊन चिप, बझर, मोडक्या खेळण्यांतले स्पीकर असलं काहीबाही पिशवी भरून आणायचं, हा तिचा जुना शिरस्ता. त्यातून ती वाद्यं करायची. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, साबणदाणी, तडा गेलेलं हेल्मेट, जे सापडेल त्यात तारा जोडायच्या. कुठलं घोंघावायचं, कुठलं खरखरायचं, कुठलं मांजराच्या पिल्लासारखं केकाटायचं. सूर-ताल काही नाही. कुणी न शिकवलेला आवाज ऐकला की तिला बरं वाटायचं, एवढंच.

दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचे वडील अंबादास दोघंच राहत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ बुद्धभूषण नागपूरला. अंबादास हिंगणघाटहून स्टेनोग्राफर म्हणून दिल्लीला आले आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले, पण लोक त्यांना ओळखत ते भाषणांमुळे. चौदा एप्रिलची सभा असो की कुणी गेल्यावर त्याच्या घरचं पुण्यानुमोदन, "मेश्राम साहेब, दोन शब्द" म्हणत त्यांना उभं केलं जाई. हातात कागद नसे. वाक्य कुठे थांबवायचं ते त्यांना बरोब्बर कळे. ते थांबले की सभागृहातले पंखे ऐकू येत.

लेकीचे डबे त्यांना बिल्कुल पटत नसत.

"आपल्याकडे माणसाला शब्द मिळायला किती पिढ्या गेल्या," ते म्हणत. "आणि तू शब्द सोडून किरकिर करत बसतेस."

"बाबा, एकदा कार्यक्रमात ऐकायला तर या."

"घरात ऐकतोच की. दार लावून घेत जा."

एका सकाळी दाढी करताना ते कोसळले. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. शब्द मात्र एकच उरला: "नाही." पाणी हवं असलं तरी नाही, खिडकी उघडायची असली तरी नाही. आपल्याच तोंडून आलेला तो शब्द ऐकून ते चिडत, मान झटकत, पुन्हा जोर लावत आणि पुन्हा "नाही"च येई. थेरपिस्टने चित्रांची कार्डं आणली. ग्लास, पलंग, संडास. अंबादासांनी ती डाव्या हाताने एकेक करून पालथी घातली.

तेव्हा श्रावस्तीने त्यांच्यासाठी एक डबा केला. स्टीलचा, लहानसा, वर तांब्याच्या दोन पट्ट्या. दोन्हींवर बोटं टेकली की वीज माणसाच्या कातडीतून जाते आणि डबा वाजू लागतो. अलगद टेकली तर खालचा, घुमणारा आवाज. जोरात दाबली तर चिरका. तिने तो बाबांच्या तळहाताखाली सरकवला. त्यांनी एकदा आवाज ऐकला आणि डबा पलंगावरून ढकलून दिला. झाकण पलंगाखाली घरंगळलं.

"नाही," ते म्हणाले. या वेळी शब्द नेमका होता.

तिने डबा दुरुस्त करून उशाशी ठेवला आणि तो विषय काढला नाही.

पुढे एकदा तात्याराव भेटायला आले. ऑफिसातले जुने सोबती. पलंगाशेजारी बसून ते श्रावस्तीलाच विचारू लागले, "जेवतात का? माणसं ओळखतात का? कठीण आहे गं. असं जगण्यापेक्षा तर..."

वाक्य पुरं व्हायच्या आत डबा किंचाळला. अंबादासांनी पट्ट्या मुठीत आवळल्या होत्या. तात्याराव दचकून उभे राहिले. अंबादासांनी मूठ सैल केली, थांबले, आणि मग खालच्या आवाजात लांबलचक, शेवटी वर चढत जाणारं काहीतरी ऐकवलं. ते थांबणं श्रावस्ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"ओळखतात, काका," ती म्हणाली.

"चुकलो यार, अंबादास," म्हणत तात्यारावांनी रुमाल काढला.

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. भाजीत मीठ कमी पडलं की दोन तुटक आवाज. टीव्हीवर बातम्या लागल्या की लांब गुरगुर. नागपूरहून फोन आला की अंबादास डबा फोनजवळ धरत आणि पलीकडे बुद्धभूषण हसता हसता ऐकत राही. ऑफिसातून आल्यावर श्रावस्ती आपलं एखादं वाद्य घेऊन समोर बसायची. ती काही वाजवायची, ते उत्तर द्यायचे, मग तिच्या पाळीसाठी थांबायचे. बापलेक इतकं कधीच बोलले नव्हते.

तिचा मित्र जयदीप गुरुग्राममध्ये एका टॉवरच्या तळघरात असल्या वाद्यांचे कार्यक्रम करायचा. तिने त्याला फोनवर बाबांचा आवाज ऐकवला.

"अंकलना घेऊन ये. कमाल है यार!" तो म्हणाला.

तिने बाबांना विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहत पट्ट्यांना हलकेच स्पर्श केला. तिने तो होकार धरला.

रविवारी दुपारी निघताना त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून भाषणाचं जाकीट मागून घेतलं. आपण कशाला निघालो आहोत असं त्यांना वाटत होतं, ते तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

तळघरात तरुण मुलं-मुली जमिनीवर बसली होती. व्हीलचेअरवर अंबादास, मांडीवर डबा, डब्यापासून मोठ्या स्पीकरपर्यंत वायर. त्यांनी सुरुवात केली. घुमणारा आवाज खोलीभर पसरला, चढला आणि ते थांबले. त्या थांबण्यातच टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, मोबाइल वर झाले. अंबादासांनी श्रावस्तीकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा मान डोलावत पायाने ठेका धरू लागला. "सो क्यूट," कुणीतरी म्हणालं. मग जयदीपने आपल्या यंत्राचा जाडा गुंजारव त्यांच्या आवाजाखाली मिसळला, आणि त्यांचं बोलणं त्यात बुडून गेलं. अंबादासांनी हात उचलून गुडघ्यावर ठेवला. गुंजारव चालूच राहिला. तो संपल्यावर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कॅबमध्ये तिने डबा त्यांच्या हाताखाली ठेवला. त्यांनी हात मागे घेतला.

"बाबा, चूक झाली माझी. तुम्ही बोलताय, हे मी त्यांना सांगायला हवं होतं."

ते खिडकीबाहेर पाहत होते. रागावले नव्हते. नंतरही भरवलं तेवढं खात, तिने केस विंचरले तर डोकं पुढे करत. पण डब्याला त्यांनी परत बोट लावलं नाही. हळूहळू "नाही"सुद्धा थांबलं. जानेवारीच्या धुक्यात छाती भरली आणि हॉस्पिटलात, तिच्या हातात हात असताना, ते गेले.

पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं. कितीतरी जण त्यांच्या भाषणांविषयी बोलले. लोक पांगल्यावर बुद्धभूषणने विचारलं, "ताई, शेवटी काही म्हणाले का गं? डब्यावर?"

"शेवटी वाजवत नव्हते."

"का?"

"थकले होते," ती म्हणाली.

गुरुग्रामचा व्हिडिओ जयदीपने इंटरनेटवर टाकला होता. श्रावस्तीने तो काढून टाकायला सांगितलं. का ते त्याला कळलं नाही, पण त्याने काढला. त्याआधी तिने हेडफोन लावून तो पुन्हा पुन्हा ऐकला. बाबा सभेला काय सांगत होते त्याचा अर्थ लागतो का, हे ती शोधत होती. पहिल्या थांबण्यापर्यंत तो जवळजवळ लागतो. त्यानंतर टाळ्याच आहेत.