व इतर गडी

“गड्यांना कसली नावं गो? होते, एवढं पुरे.”

भाऊ हे सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले. भाऊ म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. बाकीच्या बायकांना ते मॅडम म्हणतात. मला ‘गो’. ते हसले म्हणून दोघीतिघी हसल्या.

मी फोटो हातात धरून उभी.

शाळेच्या वर्धापनदिनाला गावातल्या जुन्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. घराघरांतून फोटो आले. होडीवाले, भातशेतीवाले, टपाल वाटणारा, मुंबईहून पहिल्यांदा कोट घालून आलेला कुणी. साधी माणसं. फोटोंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. मी कंत्राटी शिक्षिका. दर जूनला भाऊंची सही झाली तर नोकरी.

त्या फोटोत शाळेची नवी भिंत आहे. पुढे खुर्च्यांवर पाच जण, टोप्या घातलेले. मागे तिघे उघड्या अंगाने उभे, केसांत चिऱ्यांची धूळ. खाणीतून चिरे काढून ती भिंत उभी केली ती या तिघांनी. डावीकडचा माझा आजोबा. भाऊंनी मजकूर दिला होता. पुढच्या पाचांची आडनावासकट नावं, आणि शेवटी ‘व इतर गडी’.

मी एवढंच विचारलं होतं, “मागच्यांची नावं लिहू का?”

उत्तर ऐकून मी “बरं” म्हटलं. आणि लिहिलं. माझ्याच आजोबाला माझ्याच चांगल्या अक्षरात, ‘व इतर गडी’.

संध्याकाळी घरी, बौद्धवाडीत, बाबांना विचारलं, “आजोबांच्या बाजूचे दोघे कोण?”

बाबांनी आधी उठून दार लावलं.

“हळू बोल. कशाला हवीत नावं?”

“चिठ्ठीवर लिहिणार.”

“नको गो बाय. सही तेंच्या हातात हाय. तुझी पोर तेंच्याच शाळेत हाय.”

तीस वर्षं मुंबईच्या गोदीत ओझी उचललेला माणूस. आणि बंद दाराआड स्वतःच्या बापाचं नाव घ्यायला घाबरत होता. ते बघून मला जास्तच भीती वाटली. माझी चौथीतली पोर तिथेच गृहपाठ करत होती. तिने वही मिटली आणि विचारलं, “आजोबा, आपण काय केलंय?”

ही भीती बाबांनी मला दिली होती. आता माझ्या डोळ्यांसमोर तिला मिळत होती.

मग बाबांनी नावं सांगितली. ओठ न हलवल्यासारखी. आधी आपल्या बापाचं, सोनू राघो. तानू भागोजी. गुणाजी धर्मा.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी जुनी चिठ्ठी काढली, नवी लावली. आठही जणांची नावं. घाईत डिंक फोटोला लागला.

भाऊ पाहुण्यांना घेऊन आले. वाचलं. थांबले.

“कुणी केलं हे?”

मुख्याध्यापक जमिनीकडे बघत होते.

“मी.”

“काढ.”

“नाही काढणार.”

आवाज माझाच होता, पण फार बारीक. मी टेबलाची कड धरली. भाऊंनी चिठ्ठी स्वतः फाडली. मी पर्समधून दुसरी काढून लावली. चार लिहून आणल्या होत्या. पाहुण्यांसमोर त्यांना पुन्हा फाडता येईना. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, “जूनपर्यंत कशाला थांबायचं?”

काल शाळेच्या क्लार्कचा फोन आला. “भाऊ म्हणतात, सोमवारपासून येऊ नका.”

मी म्हटलं, “तोंडी नको. कागद द्या. कारण लिहून द्या.”

फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन ओकले. अजून फोन वाजला की दचकते. बाबा जेवत नाहीत. मी शूर नाही. झाले नाही.

पण सोमवारी मी जाणार. हजेरीवर सही करणार. रोज जाणार, कागद हातात पडेपर्यंत. मला काढायचं तर त्यांना कारण लिहावं लागेल. आणि त्या कारणात, संस्थेच्या शिक्क्याखाली, अध्यक्षांच्या सहीने, सोनू राघो हे नाव लिहावं लागेल.