फोनवरचा खोकला
श्राद्धाच्या खिरीचा वास आला की दुर्गाघाटावरच्या घरातली ती दुपार आठवते. पानं मांडली होती, तेवढ्यात इस्पितळातले सर्व्हर सांभाळणाऱ्या मावसबहिणीचा फोन आला, "दादा, आयसीयूचे स्क्रीन बंद पडलेत!" पेशंटांची माहिती स्क्रीनपर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्राम सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, चढवण्याआधी मी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, त्याची फाइल वाचायची, आणि कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या नव्या कंपायलरने बनवलेल्या फाइलीतला एक भाग तिला ओळखताच येत नव्हता. "अरे, उठ ना जल्दी, ब्राह्मण खोळंबलेत," आई म्हणाली. मी लॅपटॉप उघडून लायब्ररीत दुरुस्ती करून पाठवली.  फोनवर लांबून आयसीयूतला एक म्हातारा खोकताना ऐकू येत होता. मग बहीण रडतच म्हणाली, "आले, सगळे स्क्रीन आले." आजही लायब्ररीची नवी आवृत्ती पाठवताना तो खोकला माझ्या कानात असतो.