पाण्यात सोडलेली मासळी

चहा जरा निवू द्या, कारण हे ऐकताना लोकांना ठसका लागतो असा अनुभव आहे. आता होणाऱ्या सासऱ्यासमोर माणूस चुकतोच, पण किती चुकावं याला काही माप?

तेव्हा मी कामोठ्यात भाड्याने राहायचो. मूळचा सोलापूरकडचा, त्यामुळे मासा बघितलेला तो थेट ताटात. आणि प्रेमात पडलो कुणाच्या? ऑफिसातल्या सईच्या, म्हणजे उरणच्या कोळ्याच्या लेकीच्या. तिच्या वडिलांचा, तात्यांचा, होकार अजून यायचा होता. त्यांनी तिच्याकरवी निरोप धाडला, "रविवारी मामाच्या गावाला आन त्याला. बगू."

मामाचं गाव पनवेलच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली, तलावाच्या काठाला. सकाळी पोचलो तेव्हा डोंगराची सावली अख्ख्या पाण्यावर पसरलेली. गावची माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकत होती. ते हवेत असं काही उघडायचं की माझंही तोंड उघडंच राहिलं.

सई मामीबरोबर घरात गेली. मामी वाटण करत होत्या आणि मला बघायला आलेले निम्मे नातेवाईक ओटीवर बसले होते. तात्या आणि मामा पाण्यात उतरले. तात्यांचं आयुष्य खाडीत गेलेलं; या तलावाला ते डबकं म्हणत होते. पण डबक्याने बराच घाम काढला, तेव्हा कुठे मरळ, कटला मिळून अर्धी टोपली झाली. ती झाकणाची टोपली माझ्या हातात देऊन तात्या म्हणाले, "ही पान्यात सोड. नायतर मरतील." आणि परत जाळ्याकडे गेले.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मासे जिवंत राहावेत म्हणून टोपली पाण्यात ठेवायची असते, हे मला आज कळतं. त्या क्षणी मात्र माझे डोळे भरून आले. म्हटलं, काय थोर माणसं ही, पहिली मासळी तलावाला परत देतात. आणि तो मान मला दिला, म्हणजे होकारच की.

मी पहिली मरळ सोडून हात जोडले. शेजारी सहलीला आलेलं एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं. त्यातल्या काकू उठून आल्या.

"काय करताय हो?"

"पहिली मासळी तळ्याला परत द्यायची. इथली परंपरा आहे."

"अगंबाई, किती छान. आम्ही सोडली तर चालेल?"

मी म्हटलं, चालेल की. मग सगळ्यांनी चपला काढल्या. एकेकाने एकेक मासा सोडला. कुंकू नाही म्हणून काकूंनी आपल्या कपाळाची टिकली मरळीला लावून पाहिली. ती चिकटेना, तर बिचाऱ्या खट्टू झाल्या. शेवटी टाळ्या झाल्या.

टाळ्या ऐकून तात्या आले. टोपली उचलून पाहिली.

"हलकी कशी?"

"सोडली ना, तात्या."

"सगली?"

"एकही ठेवली नाही," मी छाती काढून म्हणालो.

काकू कौतुकाने म्हणाल्या, "तुमची परंपरा फार आवडली आम्हाला."

"कंची परंपरा?" तात्यांनी विचारलं. मामा दगडावर बसले आणि तोंडावर गमछा धरून हलायला लागले. मला वाटलं, भरून आलं असेल.

ऊन चढलं होतं, मासे खोल गेले होते. पुढे जाळ्यात शेवाळाशिवाय काही आलं नाही. मासळीच्या वाटणात मामींनी वांगी-बटाटे घातले. अख्खी पंगत तेच जेवली आणि प्रत्येक घासाला एकेक जण माझ्याकडे बघत होता. सईने ओढणी तोंडात कोंबली होती.

हात धुऊन तात्यांनी तिला हाक मारली.

"लगीन कर याच्याशी. मानूस दयालू हाय."

मी पटकन त्यांच्या पाया पडायला वाकलो. माझ्या पाठीवर हात ठेवून ते लेकीला म्हणाले, "पन घरात मासली झाकून ठेवत जा. हा तललेलीपन नेऊन पान्यात सोडील."