महानंदाचं बिननावाचं गाणं

महानंदाचा फोन कधी वाजत नसे. तिचे निरोप यायचे, शाळेतल्या फळ्याचे फोटो यायचे, आळंदच्या बाजारात काय काय घडलं ते लांबलचक टाइप करून यायचं. पण घंटी कधी नाही. ज्या माणसाला ऐकूच येत नाही त्यानं फोन लावायचा कशाला? त्यामुळं दिवाळीनंतरच्या त्या सकाळी मी भाकरी थापत असताना ओट्यावरचा मोबाइल वाजला आणि पडद्यावर ‘नंदा’ हे नाव दिसलं, तेव्हा हात न धुताच मी तो उचलला. फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता. पलीकडून तिची वहिनी एवढंच म्हणाली, “रेखाताई, आपली नंदा गेली.” डेंग्यूचं निमित्त झालं होतं. आदल्या आठवड्यात ‘थोडा ताप आहे, काळजी करू नकोस’ असा निरोप मला आला होता आणि मीही काळजी केली नव्हती. कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं, पण तोवर उशीर झाला होता... तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

आमची ओळखही कलबुर्गीचीच. तेव्हा त्या गावाला गुलबर्गा म्हणत. मी भालकीची, वडील तहसील कचेरीत. ती आळंदची, तुरीच्या आडत व्यापाऱ्याची मुलगी. मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत आलो. तिच्या घरात कन्नड आणि मराठी इतक्या मिसळून गेलेल्या की एका भाषेत सुरू झालेलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसे. गणितात हुशार, अंगानं काटकुळी, आणि हसली की अख्खी खोली हलायची. उरुसाच्या बाजारातून एकदा तिनं अव्वासाठी, म्हणजे तिच्या आईसाठी, देवाच्या गाण्यांची कॅसेट घेतली. डबीवर नंदी आणि पिंड. खोलीवर येऊन भावानं दिलेल्या जुन्या टेपमध्ये घातली, तर आतून गिटारींचा दणका आणि एका घोगऱ्या माणसाचा इंग्रजीत आरडाओरडा! कॅसेटवर ना नाव, ना गाव. नंदा आधी घाबरली, मग चिडली. “उद्या परत देऊन यिऊ,” म्हणाली. पण त्या दिवशी तिनं ती कॅसेट पुन्हा लावली. मग पुन्हा.

रविवारी दुपारी रेक्टरबाई झोपल्या की आम्ही दार लावून आवाज बारीक करून ऐकत बसायचो. रॉक म्हणतात ते हेच, हे आम्हाला वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. मला ते आवडतंय की नाही हेच कळत नव्हतं. “हा माणूस कुणाशी भांडायलाय?” मी एकदा विचारलं. नंदा टेपला कान लावून बसली होती. म्हणाली, “भांडायलाय कुठं? नीट ऐक. रडायलाय त्यो.” तेवढ्यावरून मग आम्हाला शब्दांचा नाद लागला. आम्ही दोघी मराठी माध्यमाच्या, त्याचे उच्चार जिभेत गुंडाळलेले. कॅसेट मागं घ्यायची, ऐकायची, परत मागं घ्यायची, शब्दकोश उघडायचा. अर्ध्याहून जास्त गाण्यांचा पत्ता लागलाच नाही. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यातली एक ओळ मात्र हाती लागली. तो माणूस कुणाला तरी सांगत होता... माझ्यामागं ओरडू नकोस. मला ऐकू येतंय. फक्त वळता येत नाही.

मी लगेच निकाल दिला की हा प्रियकर आहे, प्रेयसीला सोडून चाललाय. त्या वयात दुसरं काय सुचणार? नंदानंही मान्य केलं. पुढं ती ओळ आमची चेष्टा होऊन बसली. रेक्टरबाईंनी व्हरांड्यातून हाक मारली की नंदा पांघरुणात तोंड खुपसून म्हणायची, “ऐकू यायलंय बाई, वळता येत न्हाई,” आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बीएड झाल्यावर तिला अफजलपूरच्या एका शाळेत नोकरी लागली. अप्पांना, तिच्या वडिलांना, ते मंजूर नव्हतं. उमरग्याचं एक स्थळ त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. मुलीनं परगावी एकटीनं खोली घेऊन राहायचं, हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. ज्या दिवशी ती बॅग घेऊन निघाली त्या दिवशी अप्पा आडतीवरून धावत आले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, “नंदा, माघारी फीर!” सगळी गल्ली बघत होती. नंदा वळली नाही. बसस्टँडवर जाऊन अफजलपूरच्या गाडीत बसली आणि मग तिला रडू फुटलं. अफजलपूरला उतरल्यावर तिथल्या एसटीडी बूथवरून तिनं मला फोन केला, तेव्हा तिला अजून ऐकू येत होतं. म्हणाली, “रेखा, आपण चुकलो गं. त्यो प्रियकर न्हाई. त्यो घर सोडून चाललेला लेक हाय. मागं बाप ओरडायलाय आन् त्याला सगळं ऐकू यायलंय... वळला आस्ता तर जाताच आलं नस्तं.”

अप्पांचा राग पावसाळ्यापर्यंत टिकला. मग एके दिवशी ज्वारीचं पोतं घेऊन ते स्वतःच तिच्या खोलीवर गेले. पोतं कोपऱ्यात ठेवलं, पाणी प्यायले आणि छताकडं बघत म्हणाले, “पत्रा गळत न्हाई नव्हं?” समेट एवढाच. नंदा ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायची आणि दरवेळी शेवटी तिचे डोळे भरून यायचे.

कान जायला लागले ते अफजलपूरलाच. आधी तिला वाटलं, मुलंच हळू बोलतात. मग कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात, भात करपायला लागला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उत्तर देत होता आणि ती त्यालाच “बोल की, कामून गप बसलास?” म्हणून रागावली, तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडं बघत राहिला. माझं लग्न होऊन मी तोवर बिदरला आले होते; यजमान गावाजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. नंदा आमच्याकडं आली आणि आम्ही दोघी हैदराबादच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं... नस कमजोर होत चाललीय, कानात घालायच्या या यंत्रानं थोडे दिवस भागेल, पण जे चाललंय ते थांबणार नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. जहिराबाद आलं, गेलं. मी काहीबाही बोलत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “बोलू नको,” म्हणाली, “मला गाडीचा आवाज ऐकू दी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते गाणं लावलं. आळंदच्या मोबाइलवाल्याकडून कॅसेटवरचं सगळं तिनं फोनमध्ये घालून घेतलं होतं. यजमान म्हणाले, “आता फोनला गाणं ऐकवलं की तो गाणाऱ्याचं नाव, गाव, सगळं सांगतो. शोधून देऊ का?” नंदानं घाईनं फोन छातीशी धरला. “नको भावजी. नाव कळलं की गाणं त्याचं हुतंय. सध्या आमचं हाय.” मग आम्ही दोघीच खिडकीपाशी बसलो. तिनं यंत्र कानात नीट बसवलं, फोन स्पीकरला जोडला, स्पीकरला कान लावला, मग कान काढून तळहात लावला. गाणं संपलं. तिनं ते पुन्हा लावलं. “शब्द गेले गं,” ती म्हणाली, “निसता ढोल राहिलाय.”

मी फोन घेऊन गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं. ती म्हणाली, “तू म्हण. गाण्याबरोबर म्हण, मी बघते.” मी तिच्यासमोर सरकले, तोंड उजेडाकडं केलं आणि त्या घोगऱ्या माणसाबरोबर एकेक शब्द ओठांनी उच्चारत गेले. तिचा हात स्पीकरवर, नजर माझ्या तोंडावर. ती ओळ आली तसा तिचा चेहरा एकदम उजळला. “आली!” ती ओरडली. नंतर ती लोकांच्या ओठांवरचं सफाईनं वाचायला शिकली, दोन्ही भाषांत. पण तिनं पहिल्यांदा वाचलेले शब्द ते. गाणं संपल्यावर ती म्हणाली, “बघ की, माझं त्याच्या उलटं झालंय. मला वळता यायलंय... ऐकूच येत न्हाई.” आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी तिच्या मांडीत डोकं ठेवलं. खरं तर तिनं माझ्या मांडीत ठेवायला हवं होतं.

उमरग्याच्या स्थळानंतर आलेली एकदोन स्थळं कानांचं कळल्यावर गेली. तिनं त्यांची आठवण काढली नाही. नोकरी मात्र तिनं सोडली नाही. बदली होऊन ती आळंदला, आपल्या घरी आली आणि तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत राहिली. तिच्या वर्गात मी एकदा जाऊन बसले होते. तिथली मुलं मान खाली घालून पुटपुटत नसत. ज्याला बोलायचं तो हात वर करी, ती त्याच्याकडं वळे, आणि तो मान वर करून, तिच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सावकाश बोले. इतकं नीट बोलणारी मुलं मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिली नाहीत.

शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. ती बिदरला आठवडाभर राहिली. अप्पा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. एका सकाळी मी अंघोळीहून आले तर स्वयंपाकघरातून मोठमोठ्यानं गाण्याचा आवाज येत होता. नंदा शेंगा भाजत उभी होती, पाठ माझ्याकडं, आणि पूर्ण बेसूर, पूर्ण मोकळ्या गळ्यानं ते गाणं म्हणत होती. इंग्रजीत नव्हे, आमच्याच बोलीत तिनं ते बसवलं होतं. “माज्यामागं वरडू नको रं... ऐकू यायलंय मला...” मी पुढं जाऊन तिच्यासमोर उभी राहिले तशी ती थांबली, लाजली आणि म्हणाली, “सूर चुकला तरी मला कुठं कळायलाय?” मी म्हटलं, “पुन्हा म्हण.” तिनं पुन्हा म्हटलं. वीस वर्षांत ते गाणं मला तेव्हा पहिल्यांदा खरोखर आवडलं. रेकॉर्ड करून ठेवावं असं त्या वेळी मनातही आलं नाही. आता रोज येतं...

परवा आळंदला जाऊन आले. अव्वा आता फार थकल्यात. नंदाच्या खोलीतलं त्यांनी काही हलवलेलं नाही. खाट दाराकडं तोंड करून, कुणी आलं तर दिसावं म्हणून. भिंतीवर मोठा आरसा, मागून येणारं माणूस कळावं म्हणून. मी त्या खाटेवर बसले. वहिनीनं चहा ठेवला होता. आणि तेवढ्यात ओसरीवरून अव्वांची हाक आली, “नंदाऽऽ, च्या झालाय गं!” वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “रोज हाक मारतात. तिला ऐकू येत नव्हतं तवाबी मारायच्या. सवय हाय.”

मी ओसरीवर जाऊन अव्वांजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “त्या इंग्रजी गाण्यात काय हाय गं रेखा? सारखी म्हणायची. मी इचारलं की हसायची.” मी त्यांना ओळीचा अर्थ सांगितला, जमेल तसा, आमच्या बोलीत. सांगताना लक्षात आलं, इतकी वर्षं आम्ही दोघींनी फक्त जाणाऱ्या माणसाचा विचार केला होता. मागं उभं राहून जो हाक मारतोय त्याचं काय होत असेल, हे आम्हाला कधी सुचलंच नाही.

अव्वा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “वळता येत न्हाई म्हणतोय. पर ऐकू येतंय म्हणतोय नव्हं?”

“व्हय अव्वा.”

“मग मी हाक मारायले त्ये बरूबरच हाय की.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, भिंतीला धरून उठल्या आणि खोलीच्या दारापर्यंत गेल्या. चहा निवत चालला होता. तिथं उभं राहून त्यांनी पुन्हा हाक मारली, या खेपेला जरा जोरानं.