पैला फटका कोणाचा

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या निम्म्या मोबाईलवर एकाच वेळी कोणीतरी कोणाच्यातरी मुस्काटात मारतं. पाठोपाठ जुना बँड वाजतो आणि मग इब्राहीमचाचांचा घोगरा आवाज येतो, प्रत्येक शब्दाला अर्धा श्वास सोडत: "सलाम, नमस्कार, राम राम. आजची फर्माईश ऐका, आजची कुटाई पाहा."

इब्राहीमचाचा म्हणजे 'मदीना व्हिडिओ'चे मालक. सेनगाव रस्त्यावर जीप उभ्या राहतात तिथं त्यांचं दुकान, त्याच्यासमोर आमचं घर. ब्याण्णव सालापासून पंधरा वर्षं आसपासच्या गावांतली, मोहल्ल्यांतली, तांड्यांवरची लग्नं त्यांनी खांद्यावर भलामोठा कॅमेरा ठेवून काढली. मोबाईल आले आणि कॅमेऱ्याचं काम संपलं, कॅसेटी तेवढ्या राहिल्या. एक नवरदेवाच्या घरी द्यायची आणि असली, मूळची, आपल्याकडं ठेवायची, ही त्यांची पद्धत. अशा चारशेच्या वर कॅसेटी. करोनात घरी बसून बसून त्यांनी व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडला. तो अडकला की चाचा त्याच्या पाठीत दोन बुक्क्या घालत आणि म्हणत, "चल बेटा, शादी का घर है." तो मुकाट चालायला लागे.

दर रविवारी एक जुनं वाजवणं आणि एक हाणामारी, दोन्ही त्याच कॅसेटीतलं, असं ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. हाणामारीच काहून, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, नवरा-नवरी सगळ्या लग्नात सारखेच दिसतात, भांडण मात्र एकासारखं दुसरं नसतं. आणि खरंच. पुसेगावच्या लग्नात रुसलेल्या मामानं वरणाची बादली जावयाच्या डोक्यात घातली होती. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी दोन व्याही हातभर मरळ माशांनी एकमेकांना बडवत होते, आणि मासे जिवंत असल्यामुळं त्यांचेही फटके बसत होते. पुतण्याच्या निकाहात मदीनाबीच्या, म्हणजे चाचांच्या बायकोच्या, भावानं खुद्द चाचांचा शर्ट बटणांसकट उतरवला होता. कॅमेरा तेवढ्यापुरता दुसऱ्याच्या खांद्यावर होता. तीही क्लिप त्यांनी टाकली. पैले आपली इज्जत काढायची, मग दुसऱ्याची, म्हणाले.

कोणी रागावत नसे. उलट लोक दुकानात येऊन सांगत, चाचा, आमच्या बापानं बी हाणलं होतं एकाला, ते सापडते का पाहा की.

क्लिप कापायचा त्यांचा एक नियम होता. तीस सेकंदांच्या वर काही टाकायचं नाही आणि पहिल्याच सेकंदाला फटका पडलाच पाहिजे. "न्हाई त लोकं बोटानं उडवून देतात," म्हणत. त्यामुळं फटक्याच्या आधीचं सगळं, रुसणं, बोलणं, ढकलाढकली, ते कापून टाकत. यानंच घात केला.

मागच्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी अठ्ठ्याण्णव सालातली, जवळच्या तांड्यावरच्या लग्नाची क्लिप टाकली. पहिल्याच सेकंदाला तरणाबांड हिरासिंग बँडवाल्याच्या हातातली पितळी झांज हिसकतो आणि थावराकाकाच्या डोक्यात घालतो. झण्ण. पटका उडतो, थावराकाका मागं कोलमडतो आणि थेट ढोलात बसतो. मागं क्लॅरनेटवाला काहीच झालं नसल्यासारखा वाजवतच राहतो. ती झांज मी अजून तोंडानं काढते, पण आता फक्त घरात.

चाचांना एक गोष्ट माहीत नव्हती. त्या भांडणाचा तांड्यात नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, निवाडा झाला होता, आणि असा निवाडा तांड्याबाहेर सांगायची रीत नाही. पहिला हात थावराकाकानं उचलला, पाठीमागून, ढोलाच्या काठीनं, हिरासिंगच्या डाव्या कानावर, असं ठरलं होतं. तो कान कायमचा बहिरा झाला. म्हणून पुढच्या प्रत्येक लग्नात थावराकाकानं आणि त्याच्या घरच्यांनी शेवटच्या पंगतीत बसायचं, सगळ्यांचं झाल्यावर. दोघांनी नायकासमोर समेटाचा गूळ खाल्ला आणि त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

थावराकाकाचा पोरगा सुदाम तेव्हा चार वर्षांचा होता. तो त्या शेवटच्या पंगतीतच वाढला, थंड भाजी आणि तळाचा भात खात. घरात मात्र त्याला बापानं वेगळंच सांगितलं होतं: आधी हिरासिंगनं मारलं, निवाडा खोटा झाला. आता सुदाम जीप चालवतो, गोरेगाव ते हिंगोली. त्या रविवारी साडेदहाला स्टँडवर त्यानं क्लिप उघडली आणि बापाचं सत्तावीस वर्षांचं खरेपण त्याला तीस सेकंदांत दिसलं.

त्यानं ती नऊ वेळा पाहिली. मग मान वर केली, तर समोर टपरीवर हिरासिंग बाकावर बसून बशीत चहा ओतत होता. हळद विकायला आला होता बिचारा, मोबाईलसुद्धा बटणाचा. सुदाम त्याच्या डावीकडं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आदी कोणी मारलं होतं?" हिरासिंगनं चहाचा घोट घेतला. सुदामनं पुन्हा विचारलं. हिरासिंगनं बशी फुंकली. सगळा स्टँड बघत होता, आणि सुदामला वाटलं की हा माणूस आपल्याला माशीएवढंही मोजत नाही. त्या बाजूला कानच नाही, हे रागात त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानं जीपमधून टॉमी काढली, जॅक फिरवायची लोखंडी दांडी. पहिल्या फटक्यात बशी गेली आणि हिरासिंगचं मनगट गेलं. दुसरा डोक्यावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला असं लोक सांगतात, पण तसा नव्हता. मी ओट्यावरून ऐकला. ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा होता. हिरासिंग बाकावरून घसरून चहावाल्याच्या घागरीवर पडला आणि कपाळावरचं रक्त घागरीतल्या पाण्यात पसरलं. तिसऱ्या फटक्याला टपरीवाल्यानं सुदामच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःच्या कोपरावर तो घेतला.

हिरासिंगला कोणीतरी गाडीत घालून हिंगोलीला नेलं. सुदाम पळाला नाही. शर्टाच्या पुढ्यावर रक्त तसंच घेऊन तो 'मदीना व्हिडिओ'च्या पायरीवर उभा राहिला आणि चाचांना म्हणाला की असली कॅसेट सांभाळा, आज नायकासमोर लावायची, बापाला पुढच्या पंगतीत बसवायचं.

चाचांचं तोंड राखेसारखं झालं होतं. क्लिप कापताना त्यांनीच तर आधीचं उडवलं होतं, सात-आठ सेकंद. त्यात थावराकाका ढोलाची काठी उचलतो, हिरासिंगच्या मागं जातो आणि कानावर घालतो, बराबर दिसतं. कॅसेट छातीशी धरून ते सुदामला हेच सांगायला लागले, पण दोन वाक्यं होण्याआधी हिरासिंगचा धाकटा भाऊ लालसिंग चार जणांना घेऊन आला. त्याच्या हातात बैलगाडीची शिवळ होती, जुवात घालायची जाड लाकडी खुंटी.

लालसिंगचा बोलण्याचा ढंग असा की प्रत्येक वाक्य दातातून गाळून येतं. त्याला एवढंच पाहिजे होतं की भावाला खोटं पाडणारी कॅसेट जगात राहू नये. सुदाम आडवा आला तर पहिली शिवळ त्याच्या खांद्यावर बसली आणि हात दोरी तुटल्यासारखा लोंबला. तरी त्यानं एकाच्या नाकावर डोकं हाणलं. काचेच्या कपाटातून कॅसेटी पावसासारख्या कोसळल्या. चाचांनी जुना कॅमेऱ्याचा स्टँड उचलला आणि एकाच्या गुडघ्यावर असा ठेवला की तो माणूस आजही जिना एकेका पायरीनं उतरतो. मदीनाबीनं आतून उकळता चहा आणून सगळ्यांवर सारखा वाटला.

पण ते पाच होते. त्यांनी चाचांना फरशीवर पालथं पाडलं. चाचांनी कॅसेट पोटाखाली घेतली, दोन्ही हातांनी. लालसिंगनं उजव्या हाताची बोटं एकेक करून उलटी वळवली. मधल्या दोन बोटांचा आवाज रस्त्याच्या अलीकडं आम्हाला ऐकू आला. मग कॅसेट हातात आली. त्यानं टेप उपसली, हातभर, वावभर, जागोजागी तोडली, पायाखाली घेतली, आणि डबी शिवळीनं फोडली.

चाचा खालूनच म्हणाले, "लालसिंग, येड्या, ती तुझ्याच भावाची साक्ष होती. पैला फटका थावराचा होता त्यात."

लालसिंगच्या हातात काळ्या टेपचा गुंता होता. त्यानं सुदामकडं पाहिलं, सुदामनं चाचांकडं. दोघांनाही ते खरं वाटलं नाही, आणि दोघांनाही वाटलं की समजा खरं असलं तर. एवढ्यात पोलिसांची गाडी आली.

सुदामला आणि लालसिंगसकट दोघांना ठाण्यात नेलं. लालसिंगला भावाकडं जायचं म्हणून दुपारी सोडलं. आणि इब्राहीमचाचा, हात फडक्यात गुंडाळून, दवाखान्यात जायचं सोडून तांड्यावर जायला निघाले. मदीनाबी म्हणाली, मेलात तरी चालेल पण एकटे मरू नका, आणि सोबत निघाली. मलाही ओढून नेलं.

तांड्यावर थावराकाका नायकाच्या ओट्यासमोर बाजेवर बसला होता, पुढं, मधोमध. सकाळपासून पोरांनी त्याला तिथं बसवलं होतं. निवाडा उलटवायचा, येत्या लग्नात काकाला पहिल्या पंगतीत घ्यायचं, अशी बोलणी आपसात गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, चालली होती. त्याच्या हातात कोणाचा तरी मोबाईल होता आणि तो तीच क्लिप परत परत लावून राहिला होता. शेजारी रुख्मिणीबाई, त्याची बायको, पदर कमरेला खोचून ताठ बसली होती. सत्तावीस वर्षांत तिला एवढं ताठ कोणी पाहिलं नव्हतं.

चाचा समोर जाऊन उकिडवे बसले. कॅसेट तुटली, नवरदेवाकडची कधीच बुरशी लागून गेली आणि कॉम्प्युटरवर कापलेला तुकडाच आहे, हे सांगितलं. सुदामचा खांदा निखळला, हिरासिंगच्या डोक्याला एकोणीस टाके पडले, तेही सांगितलं.

"हिरासिंगचं त आता कोणी ऐकत न्हाई. बाकी ते दोघांनाच ठावं हाय, थावरा. मला आन तुला. माझ्यावर कोणी भरोसा ठेवणार न्हाई, मीच कापाकापी केली."

थावराकाका मोबाईलकडं बघत राहिला. "झांज त मारलीच की त्यानं, इब्राहीमभाई. हे काय खोटं हाय?"

"त्याच्या आदी काय झालं?"

मोबाईलवर क्लिप आपोआप पुन्हा सुरू झाली आणि झांज वाजली. थावराकाकानं अंगठ्यानं ती बंद केली.

"आदी मी मारलं," तो म्हणाला. "पाठीमागून. काठीनं."

मग त्यानं खाली बघत बाकीचं सांगितलं. बँडवाला त्याची फर्माईश मधेच सोडून हिरासिंगची वाजवायला लागला होता. बस, एवढंच. पुढं पोरगं विचारायला लागलं की बा, आपुन शेवटी काहून जेवतो, तेव्हा तोंडातून उलटं निघालं. एकदा निघालं ते परत आत घालायला कधी जागाच मिळाली नाही. आणि आज सकाळी क्लिप पाहून त्याला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की असंच झालं असेल.

रुख्मिणीबाई उठली. पायातली चप्पल काढली आणि नवऱ्याच्या तोंडावर मारली. मग पाठीवर, मग पुन्हा तोंडावर. प्रत्येक फटक्याला एकेका लग्नाचं नाव घेत होती: पेमाचं लग्न, निलमचं लग्न, जिथं जिथं ती लेकरं घेऊन शेवटी बसली होती. हिरासिंगच्या बायकोशी ती पाणवठ्यावर एवढी वर्षं भांडली, तिच्या झिंज्या उपटल्या, ते सगळं याच्या एका वाक्यापायी. थावराकाकानं हात आडवा केला नाही. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं तरी नाही. एका पोरानं मोबाईल वर धरला, तर चाचांनी डाव्या हातानं तो खाली दाबला आणि त्या पोराकडं असं पाहिलं की त्यानं तो खिशात घातला.

चप्पल तुटली तेव्हा ती थांबली.

माणसांच्या मागं लालसिंग उभा होता. भावाचं आधार कार्ड न्यायला आला होता, आणि सगळं ऐकलं होतं. थावराकाका त्याच्याकडं वळून म्हणाला की मला दवाखान्यात ने, हिरासिंगला माझ्या तोंडानं सांगतो, मग ठाण्यात सुदामला. लालसिंगनं मोटारसायकल फिरवून आणली, मागची सीट हातानं झटकली. मग चाचांच्या फडक्यातल्या हाताकडं नजर गेली, तेवढ्यापुरतीच.

"तुमी बी बसा," म्हणाला. "बोटं बांधून घेऊ."

माफीबिफी काही नाही. चाचा सगळ्यात मागं बसले, थावराकाका मधे. लालसिंगनं गाडीला लाथ मारली आणि मान न वळवता, दातातून गाळत म्हणाला, "काका, काय बोलायचं ते दादासमोर बोल. वाटंत तोंड उघडलं त पुलावरून खाली टाकीन."

चाचा सांगतात, हिंगोलीपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.