काकाजींची न सांगितलेली सोयरीक

ती घटना आठवायला बसलो की माणसं मागाहून येतात, आधी पाणी दिसतं. मरोद्याचा तलाव, त्यावर हिवाळ्यातलं धुकं आणि बांधावर स्टँडला नीट लावलेली निळी स्कूटर. स्कूटरशेजारी चपलांचा एक जोड. माणूस कुठंच नाही. पोलिसात उभी हयात गेली, नको ते सगळं पाहिलं, पण स्वप्नात अजून तीच चप्पल येते. बायको चिडवते, "तुमी रिटायर झाले, तुमची ती चप्पल कावून नाही झाली?"

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा भंडाऱ्याकडचा, त्यामुळं मराठी माणसं तक्रार घेऊन आली की आधी गावाचं नाव विचारत आणि मग रडत. तक्रार मराठीत ऐकायची आणि हिंदीत लिहायची, असा माझा दिनक्रम होता.

त्या सकाळी खबर आणली एका केवटानं. पहाटे जाळं टाकायला गेलेला, तो तसाच ओल्या कपड्यांनी ठाण्यात आला. दारातच उभा राहून म्हणाला, "साहब, गाड़ी खड़े हे, मनखे नइ हे." गाडी उभी आहे, माणूस नाही, एवढंच. चहा पाजला तरी याहून जास्त काही सांगेना. खरी खबर देणारा माणूस असाच थोडं बोलतो, हे मी पुढं कैक वेळा पाहिलं.

स्कूटर कुणाची हे विचारावं लागलं नाही. हुडको वसाहतीत राहणारे काकाजी, पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. भिलाईतल्या आमच्या मराठी माणसांत भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसत. काकाजी पंच म्हणून बसले की कोर्टाची पायरी कुणी चढत नसे. ते रोज सकाळी मरोद्याच्या बांधावर फिरायला जात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

रोजनामच्यात नोंद केली, 'गुम इंसान' कायम केला. आमच्याकडं हरवलेल्या माणसाची फाईल याच नावानं उघडते. केवटांना जाळी घेऊन पाण्यात उतरवलं. तेवढ्यात माझा हवालदार कानाशी आला. आदल्या संध्याकाळी हुडकोच्या बाजारात एका वेल्डरनं काकाजींची स्कूटर अडवली होती आणि चारचौघांत ओरडला होता, "तुमाले मरोद्याच्या तलावात बुडवीन, तवाच माया जिवाले थंडक पडंल!"

घ्या! संशयित तर स्वतःच्या तोंडानं दवंडी पिटून मोकळा झालेला. हवालदाराला वाटलं, संध्याकाळपर्यंत केस निकालात.

त्या वेल्डरची हकिगत सांगतो. तो आणि एक टर्नर, दोघं तुमसरकडच्या एकाच गावचे. दोघांनी मिळून फॅब्रिकेशनची शेड टाकली होती. कारखान्याची लहानसहान कामं त्यांना मिळत. टर्नर लेथवर बसे, हा वेल्डिंग करी. पुढं पटेना. भागीदारीच्या कागदात लिहिलंच होतं की भांडण झालं तर काकाजी सांगतील ते मान्य. काकाजींनी दोघांचं ऐकलं आणि निवाडा दिला. लेथ सिमेंटच्या पायात गाडलेला, तो हलवता येत नाही, वेल्डिंगचा सेट हातगाडीवर जातो. म्हणून शेड टर्नरची, वेल्डरनं त्याचा हिस्सा घेऊन दुसरी जागा पाहावी. त्या शेडच्या छताच्या लोखंडी कैच्या वेल्डरनं स्वतः जोडल्या होत्या. तरी तो 'बरं' म्हणून उठला होता.

मग महिन्याभरानं बाजारात त्याचं डोकं का फिरलं? हे विचारायला मी त्याला ठाण्यात बसवला. कुणी हात लावायचा नाही, असं बजावून ठेवलं.

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर येत होतं. बाहेर त्याची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. उघडत नव्हती आणि घरीही जात नव्हती. वेल्डर माझ्यासमोर बसला होता, पण माझ्याकडं पाहत नव्हता. वेल्डिंगवाल्यांचे डोळे तसेही सदा लाल. त्याचे तर रात्र रात्र न मिटलेले दिसत होते.

"बुडवलं का तू काकाजींना?" मी सरळ विचारलं.

"हाव जी."

मी लिहिता हात थांबवला. "कुठं?"

"सपनात. रोज रातच्याले बुडवतो, साहेब. बांधावर ते उभे असते. मी मागून जातो. पाणी कोमट लागते, आन् काकाजी खाली जाता जाता मायाकडं पाहून मान हालवते, निवाडा देल्यासारखी. मले आता समजूनच नाही राहिलं का काल सपन होतं का खरंच गेलो होतो."

हवालदार मागून कुजबुजला, "साहब, मान तो गे हे. लिख डारँव का?" कबूल झालाय, लिहून टाकू का, असं त्याचं म्हणणं. म्हटलं, "अरे बाबा, पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही आणि स्वप्नातली तर कुठंच टिकत नाही." पण खरं सांगतो, भीती मलाही वाटली. झोप न झालेला माणूस जे केलं नाही तेही सही करून देतो. तलावात प्रेत सापडलं असतं तर या माणसाला त्याच्या स्वतःच्या जबानीपासून वाचवणारा कुणी नव्हता.

"बाजारात भांडला कशाला? निवाडा तर मानला होतास."

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडं पाहू लागला. "काकाजीच्या पोरीची सोयरीक चालू हाये. कोणासंगं, मालूम हाये? टर्नरच्या तुमसरवाल्या साळ्यासंगं. टर्नरच्या बाईनंच नळावर फुशारकी मारली, का आमचा भाऊ काकाजीचा जावई होऊन राहिला. आमी दोघं त्यायच्यापुढं बसलो होतो तवाच बोलणी चालू होती, साहेब! टर्नरले मालूम, काकाजीले मालूम. मीच एकटा येडा."

एवढं बोलून त्यानं तोंड ओंजळीत झाकलं. आता त्याच्याविरुद्ध हेतूही मिळाला होता. बाहेर बसलेली त्याची बायको दारातून मला पाहत होती आणि मला तिच्याकडं पाहवत नव्हतं.

मी काकाजींच्या घरी गेलो. नवरा तलावात बुडाल्याची गावात बोंब, आणि काकू ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या! मला म्हणाल्या, "चहा मांडू का जी?" मी पुष्कळ घरांत वाईट बातमी घेऊन गेलो आहे. बायका किंचाळतात, दगड होतात, काही उगाच भांडी घासत सुटतात. पण पोलिसाला चहा विचारणारी मी पाहिली नव्हती. आतल्या दाराच्या पडद्यामागं मुलगी उभी होती, तिची फक्त बोटं दिसत होती.

कोपऱ्यात पसरलेल्या वर्तमानपत्राकडं माझं लक्ष गेलं. त्यावर पॉलिशची उघडी डबी, ब्रश आणि काळं झालेलं फडकं.

"काकाजी फिरायला काय घालतात?"

"चप्पल."

"मग बूट कशाला चमकवले? आणि ते बूट कुठं आहेत?"

काकूंचा हात सुपात थांबला. घरात बूट नव्हते. बांधावर चप्पल होती. आमच्याकडचा निवृत्त माणूस हिवाळ्यात भल्या सकाळी पॉलिश केलेले बूट घालून निघाला तर तो एकाच कामाला निघालेला असतो, आणि हे कळायला पोलीस असावं लागत नाही, भंडाऱ्याकडचं असलं की पुरतं.

"काकू, काकाजी तुमसरला गेलेत. होणाऱ्या जावयाच्या घरी. होय ना?"

"हळू बोला ना जी!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "सुपारी फुटेपावतर कोणाले सांगाचं नाही, असं त्यायनं म्हणलं हाये. याच्या आगोदर एक स्थळ असंच बोभाट्यानं मोडलं. म्हणून ते फिराच्या नावानं निंगाले, गाडी बांधावर ठेवली, बूट डिक्कीतून काढून घातले आन् मरोदा टेसनातून दुर्गची पॅसेंजर धरली. दुर्गच्या टेसनावर स्कूटर ठेवली असती तं साऱ्या भिलाईनं विचारलं असतं, काकाजी कुठं चालले?"

"आणि तलावात माणसं जाळी टाकून शोधतायत, ते ऐकलं नाही?"

"ऐकलं. पण ते तं संध्याकाळी येऊनच राहिले. मंग कावून सांगू?"

"कारण त्यांच्या खुनाच्या संशयावर मी एका माणसाला बसवून ठेवलंय. त्याची बायको सकाळपासून जेवली नाही."

काकूंच्या मांडीवरून सूप घसरलं. तांदूळ ओसरीभर झाले. पडद्यामागची मुलगी बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आई, आता बस झालं लपवणं!" त्या दिवशी ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

संध्याकाळी मी मरोद्याच्या स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. दिवस मावळला होता, पण भिलाईत अंधार सरळ कधी पडत नाही. कारखान्याकडं तापलेली धातूची मळी ओतली की आभाळ नारिंगी होतं, हळूहळू विझतं, पुन्हा पेटतं. त्या उजेडात पॅसेंजर आली आणि धुक्यातून काकाजी चालत आले. चकचकीत बूट आणि हातात पेढ्यांचा पुडा. क्षणभर मलाच वाटलं, मी वेल्डरच्या स्वप्नात उभा आहे की काय.

मी त्यांना सरळ बांधाकडं घेऊन गेलो. गर्दी, कंदील, छातीभर पाण्यात केवट. काकाजी घाबरून म्हणाले, "अरे बापा! कोण बुडलं जी?"

"तुमी बुडले, काकाजी," मी म्हणालो.

 काकाजी हळूच चपलांशी वाकले, त्या उचलल्या आणि तशाच हातात धरून माझ्याबरोबर ठाण्यात आले. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. बाजारातल्या तमाशानंतर त्यांना झोप आली नव्हती. तुमसरला जाऊन त्यांनी मुलाच्या बापाला बजावलं, की मी पंच होतो तेव्हा ही बोलणी चालू होती, हे मी आता उघड सांगणार. चालत असेल तर सोयरीक, नाही तर राम राम. मुलाच्या बापानं पेढे दिले. गंमत पाहा, उघड बोलण्याची परवानगी आणायलासुद्धा हा माणूस चोरून गेला होता.

ठाण्यात वेल्डरनं त्यांना पाहिलं आणि तो उभाच राहिला. पुढं होऊन त्यानं काकाजींच्या दंडाला हात लावून पाहिला. कोरडा होता. मग तो ढसाढसा रडला. त्याची बायको बाहेर भिंतीला टेकून रडली. हवालदारानं माझ्याकडं पाहून उगाच खाकरून घेतलं.

काकाजी म्हणाले, "बाबू, निवाडा मी खरा देला होता. देवाशपथ."

"खोटा देला असं मी कुठं म्हणलं?" वेल्डरचा आवाज चढला. "तुमी पयलेच सांगतलं असतं ना, का मायी पोरगी त्या घरी देऊन राहिलो, तं मी म्हणलो असतो, देऊ द्या काकाजी, आमाले तुमीच पाहिजे. मी हाव म्हणलो असतो! पण तुमी मले विचारलंच नाही. आता मी रोज रातच्याले तेच इचारतो, का लेथ हालत नाही म्हणून शेड गेली, का पोरगी तुमची होती म्हणून गेली. याचा जबाब तुमच्यापाशी तरी हाये का?"

 काकाजींनी मान खाली घातली. एवढंच म्हणाले, "नाही बाबू. आता मलेही नाही सांगता येत." ज्या माणसाच्या शब्दावर लोक घरं वाटून घेत, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला फार वाईट वाटलं.

गुन्हा काही घडलाच नव्हता. 'गुम इंसान' दस्तयाब, म्हणजे हरवलेला सापडला, असा शेरा मारून मी फाईल बंद केली. काकाजींनी निवाडा मागं घेतला आणि दोघांच्या संमतीनं दुसरा पंच ठरला, एका सेक्टरमध्ये राहणारे आंध्रातले निवृत्त फोरमन. मी कुतूहलानं तिथं गेलो होतो. बसल्या बसल्या ते हिंदीत म्हणाले, "पहले सुन लो. ये टर्नर एक बार मेरे घर का गेट ठीक करके गया था, मैंने चाय पिलाई थी. और मेरा कोई रिश्ता नहीं. किसी को एतराज?" वेल्डर म्हणाला, "नहीं साहब, आप ही बैठिए." किती साधी गोष्ट होती! एका चहाचीसुद्धा त्यांनी वाच्यता केली.

निवाडा मात्र तोच आला. लेथ हलत नाही, शेड टर्नरची.

नोकरीत मी लाच खाणारे पुष्कळ पाहिले, त्यांना ओळखणं सोपं असतं. काकाजींसारखा सरळ माणूस ओळखायला कठीण, कारण आपलं मन साफ आहे एवढं त्याला पुरेसं वाटतं. पण समोर बसलेल्याला ते मन दिसत नाही. त्याला दिसते फक्त लपवलेली गोष्ट. म्हणून पुढं माझ्याकडं गावचा, नात्याचा, ओळखीचा कुणी आला की मी आधी वर कळवत असे आणि समोरच्या पक्षालाही सांगत असे. वरचे हसायचे. हसू देत.

निवाड्यानंतर वेल्डरनं शेडची किल्ली स्वतः टर्नरच्या हातावर ठेवली. आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. कारखान्याकडचं आभाळ नुकतंच नारिंगी होत होतं.

"काय रे, शेवटी हरलासच ना?" मी म्हणालो.

"हारलो, साहेब. पण आज झोप लागंल."

"आणि ते स्वप्न आलं तर?"



"आलं तं येऊ द्या. आता मीच उतरीन पाण्यात आन् काढीन काकाजीले बाहेर."