चुलीमागची भिंत

उकवा गावाच्या अलीकडे, जंगलाला लागून माझं माहेर. पूस महिन्यात तिथली थंडी हाडात शिरते. मातीच्या जुन्या घरात माझी आई चुलीमागच्या ओट्यावर झोपते. संध्याकाळी चूल पेटली की मधली जाड भिंत तापते आणि सकाळपर्यंत ऊब देते. तिच्या गुडघ्यांना दुसरं कुठलंच औषध मानवलेलं नाही.

दादानं पुढे स्लॅबचं घर बांधलं, गॅस घेतला. मागचं पाडायचं त्याच्या मनात होतं, पण आई हलेना. एकदा त्यानं गंमत म्हणून तिला मोबाईलवर दूर उत्तरेकडच्या मांचू लोकांची जुनी घरं दाखवली. बर्फाचा मुलूख, आणि चुलीचा धूर झोपायच्या ओट्याखालून फिरवलेला. आई बराच वेळ पाहत राहिली.

"अक्कल आहे त्यायले," म्हणाली.

त्यावर दादा विरघळला. जपायचंच तर पक्कं जपू म्हणून त्यानं त्या भिंतीला दोन्हीकडून सिमेंट थापलं, वर हौसेनं गुलाबी रंग दिला. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. पावसाळ्यात जमिनीची ओल आत कोंडली आणि भिंतीला पोट सुटलं. मिस्त्री म्हणाला, पाडा.

भाऊबीजेला मी गेले तेव्हा आई पुढच्या खोलीत पलंगावर कण्हत होती. माझा पारा चढला. आरती राहिली बाजूला, मी दादाला नको नको ते बोलले.

"मी काय वाईटासाठी केलं काय?" एवढंच तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले पाहून माझा राग पार उतरला.

आई भिंत धरत धरत मागे गेली, गुलाबी रंगावर हात फिरवला. "ओल्या लुगड्याची घडी घालून पेटीत ठेवता काय? वाळू द्या तिले."

मग लाकडी बल्ल्यांचे टेकू लावून आम्ही सिमेंट सोललं. रोज बारीक जाळ करून भिंत वाळवली. लिंपायला लाल माती, धानाचा भुसा आणि शेण भिजत घातलं. तो चिखल आई दरवर्षी पायांनी तुडवायची. या वर्षी स्लॅबचे मालक पॅंट वर करून त्यात उतरले आणि आई ओट्यावरून हुकूम सोडत राहिली. भिंत टिकेल की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं.

पुसात मी मुद्दाम पुन्हा गेले. सकाळी चुलीत लाकूड सारून ओट्याकडे गेले, तर आई भिंतीला पाठ लावून निवांत झोपली होती. मला सरळ रडू आलं. तेवढ्यात रजई खांद्यावर घेऊन दादा दारात आला. माझ्याकडे न बघता ओट्यापाशी गेला.

"माय, सरक थोडी."

आईनं डोळे न उघडताच भिंतीकडची जागा त्याला दिली.